पितृपक्षातलं रेकॉर्डिंग

पितृपक्ष मला आवडतो. हे मी चारचौघांत बोलत नाही, कारण ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या आईकडे. पण आवाजाचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, मुंबईत असे पंधरा दिवस वर्षातून एकदाच मिळतात. गणपती गेलेले असतात आणि नवरात्र यायचं असतं. ढोलपथकं दमून झोपलेली असतात. लग्नं नसतात, बारशी नसतात, दुकानांची उद्घाटनं नसतात. नव्या फ्लॅटचा ताबा कुणी घेत नाही, त्यामुळे वरच्या मजल्यावर ड्रिल मशीनही चालत नाही. कांजूरमार्ग पूर्वेला आमच्या सोसायटीत तर या दिवसांत दुपारी दोन ते चार इतकं सामसूम असतं, की शेजारच्या नाईककाकूंचा कुकर शिट्टीच्या आधी जो सूं सूं करतो तोसुद्धा मला भिंतीतून ऐकू येतो.

गेल्या आठवड्यात विसर्जनाचा शेवटचा ताशा थांबला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर कान हलके झालेले. खाली भाजीच्या गाडीवर अळूची पानं, लाल भोपळ्याच्या फाका, केळीची पानं. मंडपाचे बांबू अजून फुटपाथवर आडवे पडलेले. पाऊस निघायच्या तयारीत, पण निघवत नाही अशी त्याची गत. पाच मिनिटं येतो, मग इतकं ऊन पडतं की अंगाला नुसता चिकचिकाट. खाडीकडून वारा फिरला की डंपिंगच्या कचऱ्याचा वास घरात येतो, म्हणून खिडक्या बंद. आणि कावळे. या दिवसांत आमच्याकडचे कावळे पोट भरल्यामुळे आळशी होतात, ग्रिलवर बसून उगाच एकेकदा ओरडतात. मी खिडकीपाशी चहा घेऊन उभी राहिले आणि चार वर्षांपूर्वीचा तो पितृपक्ष जसाच्या तसा अंगावर आला. त्यातला उकाडा आला, गोधड्यांचा कुबट वास आला, आणि हेडफोनमधला आईचा श्वास आला.

त्या वर्षी आम्ही 'गाळ' केलं होतं. आम्ही म्हणजे मी आणि प्रज्ञा. मी दिवसा अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत साउंड एडिटर. प्रज्ञा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, घाटकोपरची, बँकेत नोकरी करते आणि लिहिते. तिनं आठ भागांची विज्ञानकथा लिहिली होती, फक्त ऐकायची, मोबाइलवर. गोष्ट साधीच. पुढच्या कुठल्याशा काळात मुंबईच्या खाडीखालून बोगदा खणत असतात. सहा माणसं त्या खणणाऱ्या मशीनमध्ये. खोल गाळाच्या थरात त्यांना एक गोष्ट लागते. तिला शरीर नाही, आकार नाही. शहर नव्हतं, बेटं नव्हती, माणूसही नव्हता तेव्हापासून ती त्या गाळात पडून आहे. तिला राहायला कुणीतरी लागतं, आणि ती कानातून आत शिरते. जो तिचं ऐकतो तो तिचा होतो. मग ती एकेकाच्या तोंडून बोलायला लागते. भूतबीत नाही, प्रज्ञानं त्याला शास्त्र दिलं होतं, कंपनं, मेंदूतले प्रवाह, सगळं बैजवार. पण ऐकणाऱ्याची टरकली पाहिजे, हे आमचं दोघींचं एकमत होतं.

रेकॉर्डिंग आमच्याच घरी करायचं ठरलं. मी पितृपक्षाचे पंधरा दिवस सुट्टी टाकली, तेव्हा आई म्हणाली, "ह्या दिवसांत असला वायट काय बोलूक नये गो. नवीन काय सुरू करूक नये."

प्रज्ञा सोफ्यावर मांडी घालून वडे खात होती. "काकू, आमच्यात पितृपक्ष नसतो," ती म्हणाली. "तुम्ही असं समजा की सुरू मी केलंय. तुमची मुलगी फक्त बटणं दाबतेय."

"तू मोठी वकिलीण," आई म्हणाली आणि तिच्या ताटलीत अजून एक वडा टाकला. आईचा विरोध एवढाच.

आई तीस वर्षं भांडुपला बालवाडी चालवायची. चाळीस पोरं एका खोलीत, आणि बाईंचा आवाज कधी चढला नाही. आमचे बाबा गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्यात लागले, तिथल्या पट्ट्यांच्या आवाजानं त्यांचे कान गेले, म्हणून ते घरात ओरडून बोलायचे आणि आई त्यांना हळू उत्तर द्यायची. त्यांना तेवढंच कसं ऐकू यायचं, हे मला अजून कळलेलं नाही. बाबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

तर, त्या गाळातल्या गोष्टीचा आवाज आम्हांला मिळेना. भारदस्त आवाजाचे तीन नट येऊन गेले. बोरिवलीहून एक अनुभवी गृहस्थ आले, ते असे हसले की कपाटाची काच थरथरली. ते गेल्यावर प्रज्ञा म्हणाली, "यार, हा राक्षस नाही वाटत. राक्षसाचा पीए वाटतो." आणि मी अजून हेडफोन काढला नव्हता तेवढ्यात आई गोधड्यांच्या पलीकडून बोलली. आम्ही बेडरूमच्या कोपऱ्यात कपडे वाळत घालायच्या दोरीवर घरातल्या सगळ्या गोधड्या टांगून खोली केली होती. आई तिच्या बाहेर उभी राहून म्हणाली, "च्या ठेवलंय. थंड होता. ये बघूया भायर."

बस, एवढंच. पण माइकमधून ते माझ्या कानात आलं तेव्हा माझ्या मानेवर काटा आला. इतका शांत आवाज, इतका मायेचा, आणि नाही म्हणायची सोयच नाही. मी प्रज्ञाकडे बघितलं. तिनंही हेडफोन घातला होता. ती म्हणाली, "वाट लागली. हेच ते."

दुसऱ्या दिवशी प्रज्ञानं गाळातल्या गोष्टीचे सगळे संवाद आईकडून मालवणीत करून मागितले. मी म्हटलं, लोकांना कळेल का? तर म्हणाली, "लाखो वर्षं कोकणच्या चिखलात बसलेली गोष्ट काय पुणेरी बोलणार आहे का?" आईला हे पटलं. ती त्या गोष्टीला 'पावणो' म्हणायची. पाहुणा. "आज पावण्याचा काय आसा?" असं विचारून ती पदर खोचून गोधड्यांच्या आत शिरायची.

काय उकडायचं तिथं. पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रीजसुद्धा बंद, कारण फ्रीजची घरघर माइक पकडतो. डोक्यावर गोधडी, समोर माइक, आणि आईच्या कानशिलावरून घाम ओघळतोय. मध्ये टॉवेलनं पुसायचं, एक घोट पाणी, पुन्हा सुरू. तरी कावळा यायचाच. भाग दोनमध्ये एका महत्त्वाच्या जागी कावळा ओरडलाय. मी काढायला गेले तर प्रज्ञा म्हणाली, राहू दे. मी म्हटलं, अगं खाडीखाली एवढ्या खोल कावळा कुठून येणार? तर म्हणे, म्हणूनच राहू दे.

मी तेव्हा फार खूश होते. हे आता सांगताना जीभ जड होते, पण होते. वीस वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांत दुसऱ्यांचे आवाज चिकटवत आले, हे पहिलं माझं काम होतं. आणि आई अशी काही बोलत होती की मी भारावून गेले होते.

तिसऱ्या भागात पावणा त्या सहा जणांची नावं एकामागून एक घेतो. आईनं तीन घेतली आणि थांबली. हेडफोनमध्ये नुसता तिचा श्वास. मी पडद्यावर सेकंद मोजत होते, अकरा झाले. मग ती म्हणाली, "आणि तो… तो रे, पाण्याचो." पाणी उपसणाऱ्या पंपावरचा तो माणूस, त्याचं नाव होतं दिनेश. तिला आठवलं नव्हतं. मी काय केलं? मी टाळ्या वाजवल्या. "आई, झकास. असंच ठेवूया." ती माझ्याकडे बघून हसली. ते अकरा सेकंद आम्ही तसेच ठेवले. लोकांनी लिहिलं, त्या शांततेनं आम्ही मेलो.

कधी ती झालेलं वाक्य पुन्हा म्हणायची. मला वाटायचं, दोन पर्याय देतेय, किती समज आहे हिला. एकदा रेकॉर्डिंगनंतर फ्रीज सुरू करायचा राहिला आणि दोन लिटर दूध फाटलं. फ्रीज सुरू करायचं काम आईचं होतं, रोज मला विसरायला व्हायचं आणि ती मागून जाऊन बटण दाबायची. त्या दिवशी मीच माझ्या डोक्यात टपली मारून घेतली. आई ओट्यापाशी उभी राहून फाटलेल्या दुधाकडे बराच वेळ बघत होती. मी म्हटलं, जाऊ दे गं, पनीर करू.

आणि पाचवा भाग. त्यात बोगद्याचा इंजिनियर एकटा उरलेला असतो आणि पावणा त्याच्याशी लाडीगोडीनं बोलतो. पात्राचं नाव होतं सुधीर. आई माइकपाशी वाकली आणि म्हणाली, "वसंता, जेवलंस?"

वसंत माझ्या बाबांचं नाव. आई त्यांचं नाव कधीच घ्यायची नाही. आमच्याकडे त्या पिढीतल्या बायका घेत नाहीत. 'हे', 'ह्यांनी', 'सुजाचे बाबा', फारतर 'अहो'. रेशनकार्डाच्या रांगेत विचारलं तर ती मला पुढं करायची, तू सांग. आणि घरातल्या गोधड्यांत, भर पितृपक्षात, नवऱ्याला एकेरी हाक. मी गारठले. आणि मग मला वाटलं, देवा, काय नटी आहे माझी आई. डोळ्यांत पाणी यावं म्हणून हिनं जन्मभर न घेतलेलं नाव घेतलं. मी हेडफोन काढून तिला मिठी मारली. तिला मिठी कशाबद्दल ते कळलं नाही, पण तिनं माझी पाठ थोपटली.

सुधीरच्या जागी वसंत ठेवायचं म्हणून प्रज्ञानं मागच्या चार भागांतली नावं बदलून दिली आणि सुधीरचं नाव घेणाऱ्या नटांना परत बोलावलं. कुरकुरली, पण दिली.

आमच्या आजोळी कुणाला झपाटलं की विचारायची एक रीत असते. आईनंच सांगितलेलं. माणसाला समोर बसवतात आणि जाणता माणूस विचारतो, कोण तू? कुठनं आलास? काय पाहिजे तुला? मग ते आतलं जे काही असेल ते बोलतं. नाव सांगतं, गाव सांगतं, रुसवा सांगतं. नारळ मागतं, कोंबडा मागतं. देतो म्हणायचं, सीमेपर्यंत नेऊन पोचवायचं. यातलं खरं-खोटं किती, मला माहीत नाही आणि मी मानतही नाही. पण त्यात एक बरं आहे, ते बोलतं. त्याला काहीतरी हवं असतं. प्रज्ञाच्या गोष्टीतसुद्धा शेवटच्या भागात ती गोष्ट आपलं म्हणणं सांगते. आईच्या आत जे शिरलंय त्याला मी गेली दोन वर्षं सगळ्या भाषांत विचारलंय. ते काही मागत नाही. त्याला जायचंही नाही आणि त्याला नावही डॉक्टरांनी दिलेलं आहे, त्याचं स्वतःचं नाही.

डॉक्टरांनी एमआरआय दिव्याच्या काचेवर लावला होता. बरे होते डॉक्टर, मुलुंडचे, सावकाश बोलणारे. त्यांनी विचारलं, "केव्हापासून लक्षात आलं तुमच्या?"

मी म्हटलं, "वर्ष, दीड वर्ष."

"त्याच्या आधी काही? नावं विसरणं, तेच ते बोलणं, कुणाला दुसऱ्याच नावानं हाक मारणं?"

मी नाही म्हटलं. खोटं बोलत नव्हते. मला खरंच आठवलं नाही. ते आठवायला घरी येऊन, कुलूप उघडून, चप्पल काढेपर्यंतचा वेळ लागला. दारातच बसले. नाईककाकू विचारत होत्या, काय झालं गं, चक्कर आली का?

तेव्हापासून त्या मूळ फाइल्सच्या वाट्याला मी गेले नव्हते. हार्ड डिस्क कपाटात, साड्यांच्या खाली. भीती एकाच गोष्टीची होती, की ते ऐकून मला नक्की कळेल कधीपासून. आणि कळलं तर पुढचा प्रश्न येतोच, तेव्हा नेलं असतं तर? डॉक्टरांना मी एकदा विचारलं होतं, फोनवर, घाईघाईत. ते म्हणाले, "थोडा वेळ मिळाला असता. फार नाही." थोडा म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. त्या थोड्या वेळात काय काय बसलं असतं याचा हिशेब मी भांडी घासताना करत असते.

इकडे 'गाळ' चालतच राहिलं. सगळ्यांत गाजलं ते सातव्या भागातलं एक वाक्य. ते प्रज्ञानं लिहिलेलंच नव्हतं. मला ते एडिटिंगच्या वेळी सापडलं, दोन टेकच्या मधल्या मोकळ्या जागेत. मला सवय आहे, मी रेकॉर्डिंग मध्ये बंद करत नाही, चालूच ठेवते. आई एकटीच माइकपाशी बोलत होती: "माझ्या भुतूर कोणतरी फिरता. एकेक वस्तू उचलता आणि खय ठेवता काय माहीत. मी शोधूक जातंय, तर जागो रिकामो." माझ्या आत कुणीतरी फिरतंय, असं. मी ते पाच वेळा ऐकलं आणि प्रज्ञाला फोन केला. "आईनं इम्प्रोव्हाइज केलंय. ऐकून तू नोकरी सोडशील." पावणा एका बाईच्या अंगात शिरतो तेव्हा तिची धडपड दाखवायला आम्ही ते वाक्य तिथं बसवलं. लोक वेडे झाले. त्यावर रील झाली. कुणी आरशापुढे उभं राहून ओठ हलवायचं, कुणी मांजराला टेबलावरच्या वस्तू पाडताना दाखवून मागे आईचा आवाज लावायचं. मांजराचा व्हिडिओ मीसुद्धा आईला दाखवला होता. ती म्हणाली, "बरी आसा मांजरी."

या सोमवारी प्रज्ञाचा फोन आला. तिला आईचं सगळं माहीत आहे, दर महिन्याला येते, आईचे केस विंचरून देते. ती बराच वेळ घोटाळली आणि मग म्हणाली, "सुजा, दुसरा सीझन मागतायत. मी नाही म्हणायला तयार आहे. फक्त तुला विचारते. काकूंचे जुने टेक आहेत ना? न वापरलेले? त्यातून काही जमेल का?"

"तुला असं विचारवलं कसं?" मी म्हटलं.

"नाही विचारवलं. आठवडाभर फोन हातात घेऊन बसलेय. पण मग वाटलं, त्यात काकूंचा आवाज आहे. नुसता कपाटात पडलाय."

मी फोन ठेवला. रागावले होते. दुपार झाली, आई जेवून आडवी झाली, सोसायटी चिडीचूप झाली. त्या शांततेला काय करावं ते मला दुसरं सुचलंच नाही. मी साड्यांखालून डिस्क काढली.

सातव्या भागाचा दिवस. मी माझा स्वतःचा आवाज ऐकला, किती उत्साही बाई होती ती. "आई, दोन मिनिटं. नाईककाकूंचा मिक्सर लागलाय, सांगून येते." माझी पावलं. दाराची कडी. मग लांबवर मिक्सर, आणि आईचा श्वास. पडद्यावर आवाजाची रेघ जवळजवळ सपाट. काम करताना असल्या सपाट जागा मी ऐकत नाही. खोलीचा आवाज म्हणून निवडते आणि पुसते. चार वर्षांपूर्वीही तेच केलं होतं. या वेळी मी आवाज वाढवला, अजून वाढवला, मिक्सर कानात घुसेपर्यंत.

त्या सपाट रेघेत आई बोलत होती. माइककडे तोंड नव्हतं तिचं, दाराकडे असेल. अगदी हळू.

"सुजा, तुका एक सांगूचा होता. तोंडावर सांगलंय तर तू घाबरशीत. तुझा काम चालला हा. ह्या मशिनीत सगळा ऱ्हवता, तूच म्हणतंस मां. मग हय सांगून ठेवतंय. मगे निवांत आयक."

मग कपड्यांची सळसळ. ती माइककडे वळली असणार, जवळ आली असणार, कारण रेघ एकदम जाड होते. आणि मग ते वाक्य. माझ्या भुतूर कोणतरी फिरता.

मी हेडफोन काढला आणि पुन्हा घातला. सुरुवातीचं 'सुजा' तेव्हा मला ऐकू आलं होतं का? थोडं आलं असेल. हाक मारतेय, लवकर ये म्हणतेय, असं समजून मी कापलं असेल. बोगद्यात सुजा नावाचं कुणी नव्हतं. आईनं निरोप ठेवला होता, आणि मी त्याच्यावरचा पत्ता खोडून तो सगळ्या जगाला वाचून दाखवला. सगळ्यांनी ऐकला. ज्यांनी मांजराचे व्हिडिओ केले त्यांनीसुद्धा ऐकला. ज्या एका माणसासाठी होता, तिनं त्यावर मागून वाऱ्याचा इफेक्ट घातला.

मिक्सर थांबतो. माझी पावलं परत येतात. "चल आई, घेऊया?" मी विचारते. आणि आई म्हणते, "घे." तिच्या आवाजात काहीही नाही, नेहमीसारखा. मला परत आल्यावर तिच्या तोंडाकडे बघितल्याचं आठवत नाही. मी पडद्याकडे बघत असणार.

प्रज्ञाला मी ते पाठवलं. तिचा लगेच फोन आला. ती म्हणाली, "तो भाग काढून टाकू का?"

"काढून काय होणार?" मी म्हटलं. "लोकांकडे आहेच तो. रीलच्या रील आहेत. ते कुठून काढणार?"

"मग काय करू सांग."

मला काही माहीत असतं तर मीच केलं असतं. ती ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडत होती, मागून कुणीतरी तिला मॅडम मॅडम म्हणत होतं.

आज बाबांची तिथी. आमच्यात म्हाळ म्हणतात. गेल्या वर्षीपर्यंत आई ओट्यापाशी खुर्ची घेऊन बसायची आणि मला सांगायची, आधी खीर, मग वडे. यंदा मी एकटीनंच केलं. काळ्या वाटाण्याचं सांबार जरा पातळ झालं, वडे फुगले. पान खिडकीबाहेर ग्रिलवर ठेवलं. कावळा आला, दोन घास उचलले, गेला. कुणाचंच काही अडलेलं नसल्यासारखा. आई पलंगावर बसून हे सगळं बघत होती. मध्येच तिनं विचारलं, "हे खय गेले?" बाबा गेले हे तिला सांगायचं मी केव्हाच बंद केलंय. दर वेळी सांगितलं की दर वेळी ती पहिल्यांदा ऐकते. मी म्हटलं, "कामावर." तिला बरं वाटलं.

मग दुपार झाली. दोन ते चारची वेळ. पंखा चालू होता, फ्रीज चालू होता. मी जमिनीवर बसले, तिच्या गुडघ्यांपाशी, तिच्या तोंडाकडे तोंड करून. मी म्हटलं, "आई, मी ऐकलं गं. उशीर झाला, पण ऐकलं. मी घाबरत नाही. काय सांगायचं असेल ते सांग. अख्खी दुपार आहे आपल्याकडे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी घाई केली नाही, एक शब्द मध्ये टाकला नाही. बऱ्याच वेळानं तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि जरा सावरून बसली.

"तुमी लांबसून इलात?" तिनं विचारलं. आवाज तोच, बालवाडीतला.

मी मान हलवली.

"घराक आवस बरी आसा मां तुमची?"

"आई बरी आसा," मी म्हटलं.

"मगे आता घराक जावा," आई म्हणाली. "वाट बघीत आसतली ती."

मी होय म्हटलं आणि तिथंच बसून राहिले.